रुतीजनं दुकान वाढवलं

"वाढतंय, तर बुडतंय कसं बाबा? तेवढं सांगा."

हळूबाबा घोंगडीला ठिगळ लावत बसले होते. त्यांनी सुईत दोरा ओवला. दोऱ्याला गाठ मारली. गाठ उजेडाकडं धरून बघितली.

"हळू," बाबा म्हणाले.

"हळूच विचारतोय."

"मग आणखी हळू."

पिंपळटेकडीच्या मठात जो येईल त्याला बाबांचा पहिला शब्द हाच, म्हणून ते हळूबाबा. लोक त्या शब्दात वेदान्त शोधतात. पायऱ्यांवर शेवाळ आहे आणि निम्मं गाव तिथं घसरून बसलंय, हे कुणी ध्यानात घेत नाही.

विचारणारा होता ऋत्विज वनारसे. नाव निमखेडात कुणाच्या जिभेला पेललं नाही. त्याची आत्या त्याला रुतू म्हणायची, बाकीचं गाव रुतीज. पोरगं गोरंगोमटं, चष्म्याचं, पाठीवर लॅपटॉपची पिशवी. जन्म बेंगळुरूचा, वरचं शिक्षण परदेशातलं. शिकून काय आला, तर धंद्याचं गणित. कुठला माल कुठं, किती, कुठल्या वाटेनं पाठवला म्हणजे जास्तीत जास्त फायदा, हे मशीनला विचारायचं. मशीन हजार मेळ घालून बघतं आणि त्यातला सगळ्यात चांगला मेळ काढून हातात देतं. मोठमोठ्या कंपन्या त्याला विमानानं बोलवायच्या, म्हणे.

मराठी त्याला यायची. पण कशी, तर धुऊन वाळत घातल्यासारखी. त्यांच्या घरात दिवा म्हणजे बटण, नारळ म्हणजे पुडीतला कीस, आणि आईच्या हातात एकच स्टीलचं कडं. असल्या घरात भाषा कुठून अंगाला लागायची?

"माझं मॉडेल चुकीचं नाहीये बाबा. पाच वेळा तपासलं."

"हूं."

"उत्तर अगदी बरोबर येतंय. ऑप्टिमम."

"काय?"

"ऑप्टिमायझेशन."

"आपटी…?"

"आपटी नाही. ऑप्टि."

"कशाचा धंदा म्हणालास?"

"बांगड्यांचा. काचेच्या."

बाबांनी सुई खाली ठेवली.

"काचेच्या धंद्यात आपटी," ते म्हणाले आणि त्यांनी सुई परत उचलली.

ऋत्विजला राग आला. आत्याही पहिल्या दिवशी हेच म्हणाली होती.

सुंदरआत्या म्हणजे निमखेडातलं बांगड्यांचं जुनं दुकान. यजमान गेल्यापासून एकटीनं चालवलेलं. आसपासच्या गावांतल्या कासारांना तिच्याकडूनच माल जायचा. ऋत्विज सुट्टीला म्हणून आला, त्या संध्याकाळी ती आत भाकरी थापत होती. हात पिठात. तिथूनच ओरडली, "रुतू, बाळा, दुकान वाढव रे! मी आता थकले. दुकान वाढव, मग तुला जेवायला वाढते!"

ऋत्विज गल्ल्याशी उभा होता. त्याचे डोळे भरून आले. सगळं आयुष्य ज्या दुकानात घातलं ते दुकान ही बाई एका वाक्यात आपल्या हाती सोपवते… आणि वर जेवायलाही वाढते.

जेवला, आणि लॅपटॉप उघडून बसला.

सकाळी दुकानात गल्ल्यापाशी एक गाढव उभं होतं. गिऱ्हाईकासारखं.

"वाढवलं नाहीस व्हय रे?" आत्यानं विचारलं.

"वाढवणार ना आत्या. वेळ लागतो. सहा महिने धर."

"सहा महिने?"

"शास्त्रशुद्ध वाढवायचं तर लागतातच."

आत्या त्याच्याकडं बघत राहिली. त्या दिवसापासून ती स्वतःच दुकान वाढवू लागली आणि शेजारणींना सांगू लागली, "भावाचं एकुलतं एक पोर हो. शिकून शिकून असं झालंय. काही बोलू नका."

ऋत्विजनं नोकरी सोडली आणि कामाला लागला.

"मग?" बाबांनी विचारलं.

"मग मी माहिती गोळा केली. अंदाजावर धंदा करायचा नाही, हा माझा पहिला नियम. गावोगावच्या दुकानदारांना फोन लावले. एकच प्रश्न. तुमच्याकडं गेल्या खेपेला किती वाढल्या?"

"काय वाढल्या?"

"बांगड्याच की."

बाबांच्या बोटात सुई घुसली.

"सांगितलं का त्यांनी?"

"मोकळ्या मनानं! मला वाटलं होतं, व्यापारी माणसं लपवतील. पण सगळे भडाभडा सांगायला लागले. पुलाच्या रस्त्यावरच्या गावांत फारशा वाढत नाहीत. कुसळवाडीत मात्र निम्म्याच्या वर वाढतात."

"कुसळवाडीचा रस्ता खडीचा ना?"

"उखडलाय पार. पण तरी वाढतात, हेच तर आश्चर्य! माणसाच्या बुद्धीला हे सुचलंच नसतं. मशीनला सुचलं."

बाबांनी घोंगडी तोंडावर ओढली. घोंगडी हलायला लागली. ऋत्विजला वाटलं, ध्यान लागलं. तो अदबीनं थांबला.

घोंगडी थांबली. बाबांचे डोळे ओले होते.

"आणखी काय सुचलं मशीनला?" त्यांनी विचारलं.

"पेंढा."

"पेंढ्याचं काय?"

"पेट्यांत बांगड्यांभोवती भाताचा पेंढा घालतात ना? जिथं पेंढा जास्त, तिथं वाढ कमी. स्वच्छ दिसतंय आकड्यांत. मी पेंढा बंद केला."

"…बंद केलास?"

"पूर्ण. आणि टेंपो. नव्या टेंपोनं गेलेल्या मालात वाढ नाही. जुन्याचे स्प्रिंगचे पाटे मोडलेत, तो उड्या मारतो, पण त्यानं गेला तर वाढच वाढ. नवा विकून टाकला."

"ड्रायव्हर?"

"झुंबर. तोही मशीननंच निवडला. तो चालवतो तेव्हा सगळ्यात जास्त वाढतात. दर खेपेला निम्म्यावर वाढल्या की मी त्याला पेढे देतो."

खालून हॉर्न वाजला. पोंऽऽ पों.

"तोच," ऋत्विज म्हणाला. "टेंपो खाली उभा आहे. कुसळवाडीच्या देवीची जत्रा आहे ना, तिथं चालला. हिरवा चुडा. दुकानातला होता नव्हता तेवढा सगळा माल भरलाय. हा गेला की दुकानात नुसत्या फळ्या राहतील."

"आत्याबाई काय म्हणाल्या?"

ऋत्विजचा आवाज जरा खाली आला. "तेच तर कळत नाही. मागच्या खेपेला मी नाचत जाऊन सांगितलं, आत्या, कुसळवाडीत निम्म्याहून जास्त वाढल्या! तिनं कपाळाला हात लावला. माझ्या तोंडाकडं बघितलं. मी हसत होतो. मग तीही हसली… पण कशी तरीच. म्हणाली, होऊ दे बाळा, तू मनाला लावून घेऊ नकोस. आणि आज टेंपो भरताना म्हणाली, जाताना हळूबाबांना भेटून जा. त्याशिवाय माल हलवायचा नाही."

"आणि गल्ला?"

"खडखडाट. म्हणून तर विचारतोय. सगळीकडं वाढतंय, मग बुडतंय कसं?"

बाबा उठले. "टेंपो उभा राहू दे," म्हणाले आणि कोठीत शिरले.

कोठी अंधारी. बाबा आतून आले ते एका हातात पेटता कंदील, दुसऱ्या हातात नारळ. बाहेर लख्ख ऊन पडलेलं. त्यांनी कंदील ऋत्विजपुढं ठेवला.

"वाढव."

ऋत्विजनं कंदिलाकडं बघितलं, उन्हाकडं बघितलं, बाबांकडं बघितलं. भर उन्हात दिवा वाढवायचा! म्हणजे ह्यात काहीतरी खोल आहे, हे त्यानं ताडलं. साधुसंतांच्या गोष्टी त्यानं इंग्रजीत वाचल्या होत्या.

त्यानं कंदिलाची चावी फिरवली. ज्योत वर आली. आणखी फिरवली. ज्योत काचेच्या वर गेली, काजळी धरली, धूर निघाला… आणि तड्!

"वाढली," बाबा म्हणाले.

"हो ना! अजून वाढली असती. पण काच फुटली."

बाबांनी दोन्ही कान झाकले. "हळू!"

"आवाज माझा नव्हता, काचेचा होता."

बाबांनी फुंकर न घालता, पदरानं झाकावं तसं घोंगडीच्या टोकानं ज्योत झाकली. कंदील शांत झाला. मग त्यांनी नारळ पुढं केला.

"आता हा वाढव."

ऋत्विजनं नारळ हातात घेतला. फिरवला. कानाशी धरून हलवला. परीक्षा अवघड होत चाललीय, हे उघड होतं.

"वाढ लगेच हवी की दीर्घ मुदतीची?"

"लगेच. चंद्राबाई चुलीशी खोळंबलीय."

"लगेच शक्य नाही बाबा. वेळेचं बंधन इतकं कडक घातलं तर गणिताला उत्तरच निघत नाही. जरा सैल करा."

"कितीनं?"

"सहा-सात वर्षं."

बाबांनी मान डोलावली. बाबांनी मान डोलावली की काय समजायचं, हे आजवर कुणाला कळलेलं नाही.

ऋत्विज पिंपळापलीकडं गेला. बाभळीच्या काटकीनं खड्डा खणला. नव्या पँटचे गुडघे मातीत टेकले, त्याचीही पर्वा केली नाही. नारळ खड्ड्यात ठेवला, माती लोटली, आणि आपल्या बाटलीतलं विकतचं पाणी घातलं. आणि छाती पुढं काढून उभा राहिला. फावडं न मागता काम केलं होतं त्यानं.

स्वयंपाकघरातून चंद्राबाई आली. मठाची पंगत हिच्या हाताखाली. बाई आडव्या अंगाची, आवाजाची, कपाळभर कुंकू, आणि दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या.

"बाबा, नारळ दिला होता न्हवं वाढवायला? माणसं पानावर बसायला लागली."

बाबांनी बोटानं जमीन दाखवली.

"तिथं काय?"

"लावलाय," ऋत्विज म्हणाला. "सहा-सात वर्षांत वाढेल. नीट पाणी घातलं तर आधीही."

चंद्राबाईनं जमिनीकडं बघितलं. ओल्या मातीचा उंचवटा. त्यावर बाटलीचं बूच.

"बाबा, हे कोण?"

"सुंदराबाईंचा भाचा."

"ते शास्त्रानं कुलूप लावणारं?"

"तेच."

"आणि तोवर चटणीला काय वाटू? ह्याचा चष्मा?"

खालून पुन्हा हॉर्न. पोंऽऽ पों पों. मग झुंबरचा आवाज वर चढला, "साहेऽऽब! निघू काय? कुसळवाडीच्या आधी अंधार पडंल!"

ऋत्विजला आता ह्या माणसांचा कंटाळा आला होता. उत्तर काही मिळत नव्हतं. कंदील आणि नारळ! तो कठड्याशी गेला आणि ओरडला, "निघ! खडीच्याच रस्त्यानं जा! जोरात घे!"

"हळूऽऽ!" बाबा ओरडले. बाबांना ओरडताना मठात कुणी बघितलं नव्हतं.

पण पगार देणाऱ्याचा आवाज आधी पोचतो. खाली इंजिन खोकललं. दोनदा खोकललं आणि धडधडायला लागलं.

इकडं चंद्राबाईनं पदर खोचला होता. दोन हातांनी माती उपसली, नारळ बाहेर काढला, पदराला पुसला आणि पायरीच्या दगडावर एकच हाणला.

खाड्!

नारळाची दोन भकलं झाली. पाणी उडालं. त्याबरोबर आणखी एक बारीक आवाज आला. खळ्ळ.

"अगं बाई!" चंद्राबाईनं मनगट धरलं. "वाढली की!"

ऋत्विज पुढं झाला. दगडापाशी हिरव्या काचेचे तुकडे पडले होते.

"कुठं वाढली? फुटली की."

चंद्राबाई अशी वळली की पिंपळावरचे पारवे उडाले.

"वाढली म्हणायचं! तोंड आहे का पायताण? कुंकवाची बाई भरल्या हातानं पुढं उभी आहे, आणि खुशाल फुटली म्हणतोस? सवाष्णीची बांगडी कधी फुटती व्हय? ती वाढती!"

"…वाढते?"

"बांगडी वाढती. नारळ वाढवायचा असतो. दिवा वाढवायचा असतो. विझव म्हणू नये, फोड म्हणू नये. बोलाफुलाला गाठ पडती. आईनं काय शिकवलं का नाही तुला?"

ऋत्विजनं चष्मा सारखा केला.

तो तुकड्यांकडं बघत राहिला. मग नारळाच्या भकलांकडं. मग कंदिलाकडं, ज्याची काच… वाढली होती.

कुसळवाडीत निम्म्याच्या वर वाढल्या.

पेंढा जास्त तिथं वाढ कमी.

जुन्या टेंपोनं गेला तर वाढच वाढ.

त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला. मशीन खोटं बोललं नव्हतं. हजार मेळ घालून मशीननं त्याला सगळ्यात चांगला मेळ काढून दिला होता. ह्या पृथ्वीच्या पाठीवर बांगड्या फोडायचा इतका बिनचूक बेत आजवर कुणी आखला नसेल. वर त्यानं पेढे वाटले होते.

आणि शेवटचा सगळा माल आत्ता खाली धडधडत होता.

ऋत्विज पळाला.

"हळू!" बाबा म्हणाले. पण तो शेवाळाच्या पायरीपर्यंत पोचलासुद्धा होता. पुढच्या काही पायऱ्या त्यानं पायांनी उतरल्या नाहीत. चष्मा एकीकडं, लॅपटॉपची पिशवी एकीकडं. उठला आणि तसाच लंगडत ओरडत सुटला.

"झुंबर! थांब रे! थांब! वाढतील!"

टेंपो वळणावर आला होता. पुढं खडी सुरू होणार, तेवढ्यात थांबला. खिडकीतून झुंबरनं मुंडकं बाहेर काढलं. मिशा, पान, कपाळावर मठाचा अंगारा.

"काय झालं साहेब?"

"वाढतील रे! ह्या रस्त्यानं सगळ्या वाढतील!"

झुंबरनं पानाची पिंक टाकली. नीट विचार केला.

"वाढवायलाच तर चाललोय, साहेब."

ऋत्विजनं टेंपोच्या दारावर डोकं टेकलं.

"तुला… माहीत होतं?"

"म्हंजे काय? आवाज येतो की मागनं. खळ्ळखळ्ळ. आधी मी हळू घ्यायचो. तर तुम्हीच म्हणालात, झुंबर, लई वाढल्या पायजेत. निम्म्या वाढल्या की पेढे. मग मी म्हणलं, घे खड्ड्यात."

"पण मला विचारायचं तरी!"

"तुम्ही परदेशात शिकलेली माणसं. मला वाटलं, इन्शुरन्सचं काय तरी असल."

ऋत्विज रस्त्याच्या कडेला दगडावर बसला. गुडघा सोलवटला होता. मग त्यानं वर बघितलं.

"झुंबर, एक विचारू? कुणी म्हणालं, दुकान वाढव… तर काय करायचं?"

"दुकान?" झुंबरला हे शाळेतल्या मास्तरनं विचारावं तसं वाटलं. तो सावध झाला. "शटर ओढायचं, साहेब. कुलूप लावायचं. घरी जायचं जेवायला."

"एवढंच?"

"आणि किल्ली खिशात टाकायची."

ऋत्विज हसायला लागला. झुंबरही हसला. साहेब हसतोय म्हटल्यावर हसलेलं बरं. मग बघतो तर साहेबाच्या गालावरनं पाणी.

"तिनं शटर ओढायला सांगितलं होतं रे… मी नोकरी सोडली."

झुंबरनं खिशातून कागदाची पुडी काढली. मागल्या खेपेचा एक पेढा उरला होता. पुढं केला.

ऋत्विजनं खाल्ला.

"टेंपो परत ने," तो म्हणाला. "हळू ने. पेट्या उतरवून पेंढा भर. ठासून. उद्या सकाळी पुलाच्या रस्त्यानं जायचं, फेरा पडला तरी. जत्रा उद्या संध्याकाळची आहे, पोचतो आपण. आणि आत्याला सांग, आज दुकान मी येऊन वाढवतो."

झुंबरचा हात गिअरवरच राहिला.

"साहेब… आता आणखी काय वाढवताय? राहिलंय काय?"

"शटर, झुंबर. शटर!"

"असं म्हणा की," झुंबर म्हणाला आणि टेंपो वळवला. नवरी घरी आणावी तसा घेऊन गेला.

ऋत्विज चष्मा आणि पिशवी गोळा करत मठाकडं निघाला. एकेक पायरी बघून, कडेनं, हाताचा आधार घेत. पहिल्यांदाच पायऱ्यांवरचं शेवाळ त्याला दिसलं.

वर पंगत बसली होती. पत्रावळी मांडलेल्या, चटणी वाटून झालेली. बाबा स्वतः भाताचं पातेलं घेऊन वाढत होते. चंद्राबाईनं त्याच्याकडं बघितलं, त्याच्या गुडघ्याकडं बघितलं, आणि न बोलता हळदीची डबी त्याच्यापुढं सरकवली.

"टेंपो?" बाबांनी विचारलं.

"परत गेला. एकही… वाढली नाही."

"हूं."

"गणित बरोबरच होतं बाबा," ऋत्विज म्हणाला. जीभ कुठं लगेच वळते? "म्हणजे फक्त एक चिन्ह उलटं करायचं राहिलं होतं. अधिकाच्या जागी उणं घातलं की तेच मॉडेल…"

बाबांनी पुढच्या पानावर भात वाढला.

ऋत्विज थांबला. भाताची वाफ वर जाताना बघत राहिला.

"आत्याला पहिल्या खेपेपासून कळत होतं," तो म्हणाला. "एकेका खेपेला तिला काय वाटत असेल… आणि मला नुसतं म्हणाली, मनाला लावून घेऊ नकोस. तिचं दुकान जाताना बघत होती, पण मला ओरडली नाही. आणि मी तिला सांगत होतो, तुला यातलं कळत नाही."

पंगतीतले एक आजोबा उगाच मीठ चाचपत बसले.

ऋत्विजनं खाली वाकून दगडापाशी राहिलेला हिरवा तुकडा उचलला. तळहातावर ठेवला.

"चूक आकड्यांची नव्हती, बाबा. माझा गर्व फार वाढला होता."

बाबांचा पळा हवेतच थांबला.

"वाढला?"

"हो."

"नक्की वाढला?"

"वाढला, बाबा." त्यानं मान खाली घातली.

बाबांनी पंगतीच्या टोकाला एक रिकामी पत्रावळ मांडली. तिच्यावर भात घातला. तिच्यापुढचा पाट पायानं सरळ केला.

"मग रडतोस कशाला? बस जेवायला."